शास्त्रज्ञांचा शब्द लोकांच्या हाती

(यावल येथे शेतकरी, शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्तरेस सातपुड्याची रांग आणि दक्षिणेस तापीचे पात्र यांच्या मध्ये वसलेला यावल तालुका केळीच्या बागांसाठी सर्वदूर ओळखला जातो. या तालुक्याची आणखी एक ओळख आहे आणि ती इतिहासातली आहे. १९३६ सालच्या डिसेंबर महिन्यात याच तालुक्यातील फैजपूर येथे राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्षस्थानी होते. महात्मा गांधी उपस्थित होते. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन होय. तोवर मोठमोठ्या शहरांतून होणारी देशाच्या भवितव्याची चर्चा त्या वर्षी केळीच्या बागांशेजारी झाली आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील कार्यक्रम तेथेच संमत झाला. ज्यांच्यासाठी चर्चा करावयाची त्यांच्याच अंगणात जाऊन ती करावी, असा फैजपूरचा अर्थ होता.

राजकारण खेड्यात आले, त्याला आता नव्वद वर्षे होत आली. विज्ञान मात्र बराच काळ प्रयोगशाळेत, विद्यापीठात आणि इंग्रजी नियतकालिकांच्या पानांत राहिले. एखादा शोध लागला, तर तो आधी शोधनिबंधात जाई, मग परिसंवादात, मग विस्तार अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात आणि त्यानंतर कधीतरी शिवारात पोहोचे. आज ही वाट फार आखूड झाली आहे. शास्त्रज्ञ आपल्या भ्रमणध्वनीवर चार ओळी लिहितो किंवा दोन मिनिटांची चित्रफीत टाकतो आणि ती त्याच घटकेला बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात येते. हा बदल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु वाट आखूड झाली म्हणून माल आपोआप चोख पोहोचतो असे नाही. शास्त्रज्ञाचा शब्द चोख राहावा यासाठी सांगणाऱ्याने काय करावे आणि ऐकणाऱ्याने काय करावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

परंपरा जुनी, साधन नवे

ज्ञान लोकभाषेत सांगण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. भूगोल, पदार्थविज्ञान, व्याकरण, इतिहास असे विषय त्यातून मराठी वाचकांपुढे आले. पुण्यातून १९२८ साली ‘सृष्टिज्ञान’ हे विज्ञानाला वाहिलेले मासिक सुरू झाले. १९६६ साली मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. आकाशवाणीवरील शेतीविषयक कार्यक्रमांनी व दूरदर्शनवरील ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमाने कृषिसंशोधन घराघरांत नेले.

या परंपरेतील एक थोर नाव म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. विश्वरचनाशास्त्रातील या जगन्मान्य शास्त्रज्ञाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. आपल्या नावाच्या वजनाने नव्हे, तर लेखनाच्या गुणाने कथेचा निवाडा व्हावा, ही त्यामागची भूमिका होती. कथेला पारितोषिक मिळाले. स्वाक्षरी मागावयास येणाऱ्या मुलांना ते सांगत, की एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तर सहीसह मिळेल. मुले प्रश्न पाठवीत आणि उत्तरेही येत. मे २०२५ मध्ये डॉ. नारळीकर यांचे निधन झाले. त्या पोस्टकार्डांत आजच्या समाजमाध्यमांचे मर्म सामावलेले होते. शास्त्रज्ञाने नुसते सांगावयाचे नसते, तर विचारलेल्या प्रश्नाला स्वतःच्या सहीने उत्तर द्यावयाचे असते. सही म्हणजे जबाबदारी. साधन पोस्टकार्डाचे असो की भ्रमणध्वनीचे, ही जबाबदारी टळत नाही.

रानपिंगळा आणि खोटी चिठ्ठी

सहीचे आणि नोंदीचे महत्त्व सांगणारी एक घटना खानदेशातच घडली आहे. सातपुड्याच्या जंगलात रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड आढळते. गावातल्या पिंगळ्याचा हा भाऊबंद दिवसाउजेडी शिकार करतो. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातून त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची एकही खात्रीलायक नोंद झाली नाही आणि तो नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले.

एक नोंद तेवढी मध्ये उभी होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळविल्याचे त्याच्या संग्रहातील नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. पक्ष्याचा शोध घेऊ पाहणाऱ्यांना ही चिठ्ठी साहजिकच महत्त्वाची वाटे. पुढे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, क्ष-किरण चित्रे घेतली, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. तो पक्षी डेव्हिडसन यांच्याच खानदेशातील संग्रहापैकी होता. संग्रहालयातून तो उचलून, पुन्हा भरून, त्याला खोट्या जागेची आणि खोट्या तारखेची चिठ्ठी बांधण्यात आली होती.

खोटी चिठ्ठी दूर झाल्यावर खऱ्या चिठ्ठ्या उपयोगी पडल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघांनी जुन्या विश्वसनीय नमुन्यांवरील जागांचाच माग काढावयाचे ठरविले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, रानपिंगळा पुन्हा दिसला. एकशे तेरा वर्षांनंतर ही भेट घडली. त्यानंतरच्या अभ्यासांत तोरणमाळ, मेळघाट आणि १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य येथेही त्याचे अस्तित्व नोंदले गेले.

या घटनेचा बोध स्पष्ट आहे. विज्ञानात वस्तूइतकीच तिच्यावरील चिठ्ठी मोलाची असते. कोणी पाहिले, कोठे पाहिले, केव्हा पाहिले आणि कितपत खात्रीने पाहिले, या चार गोष्टी म्हणजे ती चिठ्ठी होय. चिठ्ठी खोटी असेल, तर खरा पक्षीही शोधणाऱ्याला भलत्याच रानात फिरवितो. भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या माहितीचे नेमके हेच दुखणे आहे. एखाद्या शास्त्रज्ञाने लिहिलेला मजकूर एका गटातून दुसऱ्या गटात जाताना त्याचे नाव गळते, तारीख गळते, जिल्हा गळतो, ‘शक्यता आहे’ हे शब्द गळतात आणि उरतो तो बिनचिठ्ठीचा निष्कर्ष. पुढे सांगितलेली प्रत्येक हकिगत या दृष्टीने पाहावी.

आभाळाची वार्ता

महाराष्ट्रात शास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक यांचा समाजमाध्यमावरील सर्वांत परिचित संवाद हवामानाच्या क्षेत्रात झाला. भारतीय हवामान विभागातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ कृष्णानंद होसाळीकर यांनी मुंबईच्या प्रादेशिक केंद्रात व नंतर पुण्यात काम करताना ट्विटरवरून, म्हणजे आज ज्याला एक्स म्हणतात त्या माध्यमावरून, पावसाची वार्ता सातत्याने दिली. उपग्रहाचे चित्र, रडारचे चित्र, त्याखाली साध्या मराठीत दोन-तीन ओळी आणि जिल्ह्यांची नावे, असे त्या निवेदनांचे रूप असे. वृत्तपत्रे ती छापीत, वाहिन्या ती दाखवीत आणि शेतकरी एकमेकांना पाठवीत.

या निवेदनांमुळे हवामान विभागाच्या रंगांची भाषा लोकांच्या तोंडी रुळली. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. तांबडा म्हणजे कृती करा. हा इशारा साधारणतः संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो. जळगाव जिल्ह्याला नारिंगी इशारा आहे, याचा अर्थ यावलच्या प्रत्येक शिवारात वादळ होईलच असा नव्हे. वादळ होण्याजोगी स्थिती जिल्ह्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ. हा फरक ज्याने समजावून घेतला, त्याची पाऊस हुकल्यावर हवामान खात्यावरची श्रद्धा उडत नाही आणि पुढच्या इशाऱ्याकडे तो पाठही फिरवीत नाही.

केळीच्या प्रदेशात या वार्तेचे मोल अधिक आहे. केळीचे खोड हे खरे लाकडी खोड नव्हे. पानांच्या देठांचे वेढे एकावर एक बसून ते झालेले असते आणि त्यात पाण्याचा अंश फार असतो. घडाच्या भाराने झुकलेली बाग मे-जूनमधल्या वळवाच्या वाऱ्यात पाहता पाहता आडवी होते आणि वर्षभराची मेहनत मातीला मिळते. इशारा एक दिवस आधी मिळाला, तर वारा थांबविता येत नाही हे खरे. परंतु तयार घडाची कापणी उरकणे, घडांना आधार देणे, फवारणी व खताची मात्रा पुढे ढकलणे, माणसे व गुरे सुरक्षित जागी नेणे, एवढे निश्चित करता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे उपयोजन आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटर परिसरातील विजेची सूचना देते. उघड्या शेतात काम करणाऱ्या मजुरांच्या दृष्टीने ही सूचना प्राणरक्षक ठरू शकते.

येथेही चिठ्ठीचा प्रश्न उभा राहतो. हवामानाचा अंदाज हा दुधासारखा असतो, शिळा झाला की नासतो. मागील वर्षीचे वादळाचे चित्र तारखेविना यंदा फिरू लागले, तर एक तर उगाच धावपळ होते किंवा खऱ्या इशाऱ्याच्या दिवशी कोणी हलत नाही. म्हणून अंदाजाच्या प्रत्येक संदेशावर तो कोणत्या दिवशी, किती वाजता दिला आणि तो कोठवर लागू आहे, हे असलेच पाहिजे.

मक्यावरील पाहुणी अळी

दुसरे उदाहरण शेतातील आहे. अमेरिका खंडातील लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत आढळली. मे २०१८ मध्ये ती कर्नाटकात मक्यावर दिसून आली. शिवमोग्गा येथील कृषी व फलोद्यान विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी तिची ओळख पटविली आणि ही वार्ता प्रसिद्ध केली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, त्याच वर्षी, कीटकशास्त्रज्ञ डॉ. अंकुश चोरमुले व त्यांच्या सहकाऱ्यांना सोलापूर जिल्ह्यात ती आढळली. ऊस व इतर पिकांवरील तिच्या महाराष्ट्रातील अस्तित्वाची पहिली शास्त्रीय नोंद त्यांनी केली. डॉ. चोरमुले हे ‘होय आम्ही शेतकरी’ या समाजमाध्यमावरील शेतकरी समूहाशी निगडित आहेत. त्यामुळे शोधनिबंध छापून येण्याची वाट न पाहता अळीची छायाचित्रे आणि ओळखीच्या खुणा शेतकऱ्यांच्या हाती पडल्या.

त्या खुणा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे ठेवल्यासारखी फिकट रेघ असते आणि शेपटीकडच्या बाजूस चार ठळक काळे ठिपके चौकोनात असतात. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसते. भिंग नको, प्रयोगशाळा नको. ज्याला दृष्टी आहे असा कोणताही मका लावणारा माणूस या खुणांवरून अळी ओळखू शकतो. चांगल्या शास्त्रीय निवेदनाचा हा नमुना मानावा. ‘सावध राहा, भयंकर कीड आली आहे’ असे सांगितल्याने केवळ भय पसरते. ‘या दोन खुणा पाहा, या ठिकाणी पाहा, दिसल्यास येथे कळवा’ असे सांगितल्याने शेतकरी पाहणीदार होतो. या राज्यात पिकांवरील कीड व रोग सर्वेक्षणाचा ‘क्रॉपसॅप’ हा प्रकल्प २००९ पासून चालत आला आहे. अशा यंत्रणेला गावोगावच्या जाणत्या डोळ्यांची जोड मिळाली, तर कीड वेळीच सापडते.

केळीच्या बागेतील कसोटी

आता खुद्द यावल-रावेर पट्ट्याकडे वळावे. येथे मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत केळी लावली जाते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जळगाव येथे केळी संशोधन केंद्र आहे, रावेर तालुक्यातील पाल येथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि तिरुचिरापल्ली येथे १९९३ पासून राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र कार्यरत आहे. इतक्या जवळ आणि इतक्या वरच्या पायरीपर्यंत संशोधन उपलब्ध असलेली पिके थोडी आहेत. तरीही २०२० च्या पावसाळ्यात या पट्ट्यात कुकुंबर मोझॅक या विषाणूजन्य रोगाने, ज्याला शेतकरी हरण्या रोग म्हणतात त्याने, नव्या लागवडीला ग्रासले आणि अनेकांना कोवळी झाडे उपटून टाकावी लागली.

या रोगाचे शास्त्र साधे आहे, पण ते मनाला पटणे कठीण आहे. पानांवर शिरांना समांतर पिवळसर पट्टे येतात, पान कडक व अरुंद होते, पुढे पोंगा सडतो. विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. रोगट झाडात सोंड खुपसल्यावर मावा अगदी अल्प वेळात विषाणू उचलतो आणि तितक्याच झटपट दुसऱ्या झाडात सोडतो. त्यामुळे कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत काम झालेले असते. शिवाय हा विषाणू हजाराहून अधिक वनस्पतींवर राहू शकतो. बांधावरचे तण, काकडी-भोपळ्याचे वेल, मिरची, टोमॅटो ही त्याची बिऱ्हाडे होत. एकदा झाड रोगट झाले, की ते बरे करणारे औषध नाही. बागेची वारंवार पाहणी करणे, रोगट झाड दिसताच मुळासकट उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करणे, तण काढणे, वर सांगितलेली पिके बागेत किंवा लगत न घेणे आणि विषाणूमुक्त असल्याची खात्री झालेली ऊतिसंवर्धित रोपे लावणे, एवढेच उपाय आहेत.

स्वतःच्या हाताने लावलेले, पाणी घातलेले झाड उपटावयाचे, हे सांगणे जड आहे आणि ऐकणे त्याहून जड आहे. त्याच वेळी भ्रमणध्वनीवर ‘तीन फवारण्यांत रोग समूळ बरा’ असा एखादा गोड संदेश आला, तर हात उपटण्याऐवजी पंपाकडे वळतो. चार-पाच दिवस जातात. पैसा खर्च होतो. रोगट झाडे उभीच राहतात आणि मावा आपले काम करीत राहतो. नुकसान अशा शेतकऱ्यापुरते राहत नाही. शेजारच्या बागेलाही त्याची झळ लागते. शास्त्रज्ञाने लोकांत येऊन बोलावे याची निकड अशा वेळी कळते. खोट्या आशेचा संदेश काही मिनिटांत पोहोचत असेल, तर खरा संदेश शोधनिबंधाच्या वेगाने पोहोचून चालणार नाही.

छायाचित्रावरून निदान करण्यालाही मर्यादा आहे, हे येथेच सांगणे अगत्याचे आहे. लोह किंवा जस्त यांच्या कमतरतेमुळे पाने पिवळी पडतात, तणनाशकाचा अंश उडाल्यानेही पानांवर चट्टे येतात आणि छायाचित्रात हे सारे एकमेकांसारखे भासते. म्हणून जबाबदार शास्त्रज्ञ छायाचित्र पाहून ‘बहुधा’ म्हणतो आणि नमुना तपासावयास सांगतो. विषाणूची खात्री प्रयोगशाळेतील चाचणीनेच होते. ‘बहुधा’ म्हणणाऱ्याला काही येत नाही असे समजणे आणि ठामपणे औषध सांगणाऱ्याला जाणकार समजणे, ही चूक महागात पडते. आपल्या माहितीची सीमा सांगणे ही शास्त्रज्ञाची दुर्बलता नव्हे. ती त्याच्या शब्दावरील सही होय.

साथीच्या काळातील धडा

अफवा आणि ज्ञान यांची शर्यत किती विषम असते, हे २०२० च्या करोना साथीने सर्व जगाला दाखविले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात देशातील अनेक संस्थांमधील शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन ‘इंडियन सायंटिस्ट्स रिस्पॉन्स टू कोविड-१९’ नावाचा स्वयंसेवी गट उभा केला. लोकांत फिरणाऱ्या दाव्यांची छाननी करणे, कोणता खरा, कोणता खोटा आणि कोणता अद्याप अनिश्चित हे सांगणे आणि ते मराठीसह विविध भारतीय भाषांत उपलब्ध करून देणे, हे काम त्यांनी केले. त्याच वर्षी पुण्यात डॉ. करिष्मा कौशिक आणि स्नेहल कदम यांनी ‘टॉक टू अ सायंटिस्ट’ हा उपक्रम सुरू केला. शाळा बंद असलेली मुले घरबसल्या शास्त्रज्ञांना प्रश्न विचारू लागली. नारळीकरांच्या पोस्टकार्डाचा तो नवा अवतार म्हणता येईल.

त्या काळात शास्त्रज्ञांची मते बदलत गेली. विषाणू कसा पसरतो याविषयीचा सल्ला आरंभी एक होता आणि पुरावा वाढल्यावर दुसरा झाला. अनेकांना हा गोंधळ वाटला. वस्तुतः नव्या पुराव्यासमोर जुने मत सोडणे हाच विज्ञानाचा धर्म आहे. मात्र मत बदलले, तर ते का बदलले हेही लोकांना मोकळेपणाने सांगावे लागते. जुना सल्ला मुकाट्याने पुसून नवा लावला, तर विश्वासाला तडा जातो.

सांगावे ते आणि सांगू नये ते

सर्व काही सर्वांना सांगणे म्हणजे लोकाभिमुखता नव्हे. रानपिंगळ्याचे घरटे यावलच्या जंगलात नेमके कोणत्या नाल्याकाठी आहे हे समाजमाध्यमावर जाहीर झाले, तर छायाचित्रकारांची गर्दी आणि तस्करांची नजर या दोहोंचा त्रास त्या पक्ष्याला होणार. म्हणून पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘ई-बर्ड’सारख्या जागतिक संकेतस्थळावरही संवेदनशील जातींच्या नेमक्या जागा झाकून ठेवल्या जातात. संशोधकाला जागा ठाऊक असते, नोंदीत ती असते, पण चव्हाट्यावर नसते.

शेताच्या बाबतीतही हाच विवेक हवा. रोगट बागेचे छायाचित्र शेतकऱ्याच्या नावगावासह आणि गट क्रमांकासह फिरले, तर त्याच्या मालाला व्यापारी दर पाडून मागू शकतो. अशी एकदा झळ बसली, की पुढच्या वेळी तो रोग लपवितो आणि लपविलेला रोग सर्व शिवाराला भोवतो. म्हणून रोगाची वार्ता गावापुरती, मंडळापुरती द्यावी. माणसाचे नाव त्याच्या संमतीवाचून देऊ नये.

जबाबदारी दोघांची

शास्त्रज्ञांच्या बाजूने पाहता, लोकांशी बोलणे हे आता त्यांच्या कामाचे अंग मानले जाऊ लागले आहे. केंद्र सरकारने २०२२ साली शास्त्रीय सामाजिक दायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ज्ञानक्षेत्रातील प्रत्येक व्यक्तीने वर्षाकाठी किमान दहा दिवस आपले ज्ञान समाजासाठी द्यावे, अशी अपेक्षा त्यांत आहे. हे दहा दिवस केवळ समारंभांत जाऊ नयेत. लोकांच्या प्रश्नांना त्यांच्या भाषेत उत्तरे देण्यात त्यांतील मोठा वाटा जावा. मराठीत लिहिताना परिभाषेचे ओझे लादू नये आणि सोपे करण्याच्या भरात अर्थही मोडू नये. शेतकरी ज्याला हरण्या म्हणतो त्याला हरण्याच म्हणावे आणि त्याचे शास्त्रीय नाव शेजारी ठेवावे.

नागरिकांच्या बाजूने पाहता, वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने घातलेल्या मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. हे कर्तव्य पुस्तकी नाही. संदेश पुढे पाठविण्यापूर्वी क्षणभर थांबून तो कोणी सांगितला, केव्हाचा आहे, कोठल्या जागेला लागू आहे आणि सांगणाऱ्याची खात्री किती आहे, हे चार प्रश्न विचारणे म्हणजे ते कर्तव्य पाळणे होय. ही चिठ्ठी ज्या संदेशावर नाही, तो पुढे पाठवू नये. चिठ्ठी असलेला संदेश पाठविताना ती फाडू नये. शंका आल्यास सहायक कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्र किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या निःशुल्क क्रमांकावर विचारणा करावी.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. भ्रमणध्वनी सर्वांच्या हाती नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर, तडवी आणि पावरा वस्त्यांत, कित्येक ठिकाणी संपर्काची लहर क्षीण असते. बागेत राबणाऱ्या मजूर स्त्रीकडे फोन असेलच असे नाही आणि रोगट पान सर्वांत आधी बहुधा तिच्याच नजरेस पडते. म्हणून समाजमाध्यमावर आलेला खात्रीचा सल्ला ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिणे, शाळेत वाचून दाखविणे, मजुरांना त्यांच्या बोलीत समजावून देणे, हे काम गावातील शिकलेल्या तरुणांनी अंगावर घ्यावे. विद्यार्थ्यांना विज्ञानसेवेची याहून जवळची संधी दुसरी कोणती असणार?

शास्त्रज्ञांशी संवाद दोन्ही बाजूंनी चालला, तरच तो टिकतो. कोणत्या आठवड्यात पहिला पट्टा दिसला, कोणत्या बाजूच्या ओळींत रोग आधी आला, लगत कोणते पीक होते, हे शेतकऱ्याने तारखेसह कळविले, तर ती संशोधकाला मिळालेली मोलाची नोंद असते. डेव्हिडसन यांनी आपल्या नमुन्यांना बांधलेल्या प्रामाणिक चिठ्ठ्यांनी शंभर वर्षांनंतर एका हरवलेल्या पक्ष्याचा पत्ता दिला. यावलच्या शेतकऱ्याने आज आपल्या वहीत केलेली खरी नोंद उद्याच्या संशोधनाला अशीच उपयोगी पडेल. यंदाच्या मृगबागेपासून प्रत्येक गावात अशी एक वही ठेवली जावी आणि तिची पाने वेळोवेळी संशोधन केंद्राकडे पोहोचावीत, एवढीच यावलकरांकडून अपेक्षा आहे.